पिकोच्या समुद्रातला लिंबूटिंबू

दिवस पहिला : लिस्बन ते लाजेस

भाची लिस्बनला नोकरीला आहे. "मावशी, मे महिन्यात ये, मला सुट्टी काढता येईल," असं ती म्हणाली तेव्हा मी एकच अट घातली. लिस्बन दोन दिवस कमी पाहू, पण पिकोला जायचंच. तिला वाटलं, मला डोंगराची ओढ लागली असेल. अटलांटिक महासागरात, लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अझोर्स नावाची नऊ पोर्तुगीज बेटं आहेत. पिको त्यातलं एक. त्याच्यावरचा ज्वालामुखी २,३५१ मीटर उंच आहे आणि अख्ख्या पोर्तुगालमध्ये त्याहून उंच शिखर नाही. मला मात्र त्या डोंगरासमोरचं पाणी बघायचं होतं.

२०११ साली बर्लिनच्या लाइबनिझ संस्थेचे अलेक्झांडर विल्सन आणि येन्स क्राउझे हे दोन संशोधक स्पर्म व्हेल जातीचे देवमासे बघायला या समुद्रात आले होते. पिकोपासून पंधरा-वीस किलोमीटरवर त्यांना एक कळप दिसला. मोठे व्हेल, त्यांची पिल्लं आणि त्यांच्यामध्ये एक डॉल्फिन. पूर्ण वाढ झालेला, बॉटलनोज जातीचा नर, पण त्याच्या पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. पुढच्या आठ दिवसांत तो पुन्हा पुन्हा त्याच कळपात दिसला. कधी बरोबरीने पोहताना, कधी पिल्लांशी खेळताना, कधी व्हेलच्या अंगाला अंग घासताना. आणि ते व्हेलही कधीकधी उलट त्याला अंग घासत होते.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच शब्द आला : लिंबूटिंबू.

माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे या भाचीच्या आईला, दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. गुहागरला आमच्या आळीत लगोरी असो की लपंडाव, ती लिंबूटिंबू असायची. तिच्यावर राज्य येत नसे, ती बाद होत नसे, पण खेळात ती असायचीच. हे कुणी आणि कधी ठरवलं, मला अजिबात आठवत नाही. समुद्रात असलं काही घडू शकतं, हे वाचल्यापासून तो समुद्र एकदा डोळ्यांनी पाहायचा होता.

विमान शेजारच्या फायाल बेटावरच्या ऑर्ता गावी उतरलं. घड्याळ तासभर मागे घेतलं. बंदराच्या धक्क्यावर जगभरातल्या शिडाच्या बोटींनी आपापली चित्रं रंगवून ठेवली आहेत. चित्र न काढता पुढे निघालं तर प्रवास धड होत नाही, असं दर्यावर्दी मानतात. तिथून अर्ध्या तासाच्या फेरीबोटीने पिकोवरचं मादालेना, मग दक्षिण किनाऱ्याने लाजेस. वाटेत काळ्या दगडांच्या गडग्यांमध्ये लावलेले द्राक्षवेल. आपल्याकडच्या कलमांच्या बागेचे गडगे आठवले, फक्त हे लाव्हाचे आणि पार समुद्रापर्यंत उतरलेले.

रात्री झोपमोड झाली. बाहेर अंधारात कुणीतरी तान्ह्या मुलासारखं, पण घोगऱ्या आवाजात ओरडत होतं. घरमालकीणबाईंनी सकाळी सांगितलं, ते कागार्रू. दिवसभर समुद्रावर असणारे पक्षी, रात्री कड्यातल्या घरट्यांकडे परततात.

दिवस दुसरा : गाडीच्या पुढे लोंबकळणारी पोरं

लाजेसजवळच्या उंचवट्यावर एक छोटी पांढरी खोली आहे. तिला इथे विजिया म्हणतात, म्हणजे टेहळणीची जागा. आत एक माणूस जबरदस्त दुर्बीण लावून पहाटेपासून समुद्र न्याहाळत बसतो. कुठे फवारा उडताना दिसला की बोटीला बिनतारी यंत्रावरून दिशा सांगतो. पूर्वी याच खोल्यांतून व्हेल मारायला निघालेल्या नावांना इशारा जायचा. खोल्या त्याच आहेत, फक्त आता निरोप मिळाल्यावर लोक भाल्याऐवजी कॅमेरा घेऊन निघतात. मला हा बदल फार मोठा वाटला.

बोट रबरी काठाची, बाराजणांची. अंगावर जाड जलरोधक कोट आणि त्यावर लाइफ जॅकेट. बरोबर एक तरुण जीवशास्त्रज्ञ मुलगी होती. तिने निघण्याआधीच नियम सांगितले : व्हेलच्या पन्नास मीटरच्या आत शिरायचं नाही, समोरून वाट अडवायची नाही, नेहमी मागून आणि बाजूने जायचं.

तासाभराने एक फिन व्हेल दिसला. निळ्या देवमाशानंतर जगातला हाच सर्वांत मोठा प्राणी. आधी नुसता उंच फवारा, मग पाठ... आणि ती पाठ सरता सरेना. हा व्हेल दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. उजव्या बाजूचा खालचा जबडा पांढरा, डावीकडचा काळा. तो आमच्या डावीकडून, त्याची उजवी बाजू आमच्याकडे ठेवून पुढे गेला, आणि पाण्याखाली तो पांढरा जबडा हिरवट उजेडासारखा सरकताना दिसला.

त्या उजेडाच्या पुढे काहीतरी लखलखत होतं. सात-आठ कॉमन डॉल्फिन, कुशीवर पिवळसर पट्टा असलेले, बरोबर व्हेलच्या नाकापुढे. शेपटी जवळजवळ न हलवता ते पुढे जात होते. एवढं मोठं धूड पाणी कापत निघालं की त्याच्यापुढे पाण्याचा दाब तयार होतो आणि तो दाब डॉल्फिनला पुढे ढकलतो. जहाजांपुढे डॉल्फिन पोहतात तेही याचसाठी. पण जहाजं आली कालपरवा. त्याआधी लाखो वर्षं ही पोरं व्हेलच्याच पुढे हा खेळ खेळत असणार. लहानपणी आम्ही बैलगाडीच्या मागे लोंबकळायचो आणि गाडीवान चाबूक नुसता हवेत फिरवायचा, तसंच हे. फरक इतकाच की ही पोरं गाडीच्या पुढे होती.

व्हेलला हे आवडतं का? मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, डॉल्फिनला यातून फुकट सवारी आणि मजा दोन्ही मिळतं, व्हेलला काय मिळतं ते दिसत नाही. तेवढ्यात व्हेलने एक दणदणीत फवारा सोडला आणि पाठीची कमान करून खाली गेला. डॉल्फिन क्षणभर तिथेच घुटमळले आणि आमच्या बोटीपुढे आले. त्यांना गाडी हवी होती, कुणाची का असेना.

दिवस तिसरा : पाऊस आणि भाला

वारा सुटला, बोटी बंद. लाजेसला धक्क्यालगत १९ व्या शतकातल्या नावा ठेवायच्या कोठारांमध्ये देवमाशांच्या शिकाऱ्यांचं संग्रहालय आहे. १९८८ साली सुरू झालेलं. आत एक खरीखुरी नाव आहे. लांब, निमुळती, हाताने वल्हवायची. सातजणांची. अमेरिकी व्हेलबोटींकडून हे तंत्र इथल्या लोकांनी घेतलं आणि हातानेच भाला फेकत ते थेट १९८० च्या दशकापर्यंत चालवलं. अझोर्समधला शेवटचा स्पर्म व्हेल १९८७ साली मारला गेला, याच लाजेसच्या समुद्रात. मी तेव्हा कॉलेजात होते.

व्हेलच्या डोक्यातल्या तेलावर दिवे जळायचे, यंत्रांना ते वंगण म्हणून लागायचं. आपल्याकडे स्पर्म व्हेलचं नाव वर्तमानपत्रात येतं ते ‘व्हेलच्या उलटी’च्या तस्करीच्या बातमीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, कुठेतरी कुणीतरी पकडला जातो आणि किंमत कोटीत छापली जाते. प्राण्याबद्दल त्या बातमीत एक ओळ नसते. तो कसा राहतो, कुणाबरोबर राहतो, याची आपल्याला ओळखच नाही याचं मला वाईट वाटतं.

शिकाऱ्यांना मात्र ती ओळख होती, आणि ते वाचून माझ्या पोटात कालवलं. स्पर्म व्हेलच्या माद्या एकमेकींना सोडून जात नाहीत, हे जुन्या शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते कधीकधी आधी पिल्लाला भाला मारत. मग बाकीच्या पळून जात नसत, उलट त्याच्याभोवती गोळा होत. संकट आलं की या माद्या पिल्लाला मध्ये घेऊन पाकळ्यांसारख्या गोल राहतात, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. ओर्का, म्हणजे किलर व्हेल, शिकारीला आले तर शेपटीचा तडाखा कामी येतो. भाल्यापुढे तीच माया घात करायची.

बाहेर पाऊस थांबेना. मक्याचा पाव आणि पिकोचं चीज खात आम्ही दोघी खिडकीशी बसलो. भाची म्हणाली, "मावशी, तू त्या डॉल्फिनला आईची गोष्ट चिकटवतेयस. व्हेल काय, लिंबूटिंबू म्हणत असतील का?"

तिचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. संशोधकांनीही ‘दत्तक घेतलं’ हा शब्द जपूनच वापरायला हवा, हे मलाही कळतं. त्यांनी जे सुचवलं ते साधं आहे. बॉटलनोज डॉल्फिनचे कळप वेगवान असतात, त्यांच्यात धाकदपटशाही चालतो. वाकड्या कण्याचा नर तिथे मागे पडत असेल, नाहीतर त्याला त्रास होत असेल. स्पर्म व्हेल सावकाश पोहतात. आणि दुसरं कारण मला अधिक पटलं : स्पर्म व्हेल अन्नासाठी शेकडो मीटर खोल जातात, तिथे डॉल्फिनला त्यांच्याबरोबर जाता येणार नाही. पण पिल्लांनाही तेवढं खोल जाता येत नाही, म्हणून कळपातलं कुणीतरी मोठं त्यांच्याजवळ वर थांबतं. म्हणजे या कळपात वर कुणीतरी घरी असतंच. आई खाली जेवायला, मावशी वर पिल्लाजवळ.

"बघ," मी म्हटलं, "मावशी त्यांच्यातही आहे." भाची हसली, पण तिने हार मानली नाही. व्हेलना त्यात काय मिळालं, हा तिचा प्रश्न तसाच राहिला.

असे प्रसंग इतरत्रही नोंदले गेले आहेत. २००४ साली हवाईतल्या काउआई बेटाजवळ एका हंपबॅक व्हेलने एका बॉटलनोज डॉल्फिनला आपल्या डोक्यावर घेऊन पाण्याबाहेर उचललं. मग डॉल्फिन घसरत खाली आला. दोघांपैकी कुणीही चिडलेलं किंवा घाबरलेलं दिसत नव्हतं. २००६ साली माउईजवळ दुसऱ्या जोडीत तसंच घडलं. फ्रेंच पॉलिनेशियात रांगिरोआ इथे २०१४ पासून एक बॉटलनोज आई आपल्या पिल्लाबरोबरच मेलन-हेडेड व्हेल या दुसऱ्याच जातीचं पिल्लू सांभाळताना दिसली, काही दिवस नव्हे, काही वर्षं. नाव व्हेल असलं तरी हा मेलन-हेडेड व्हेल डॉल्फिनच्याच कुळातला, म्हणजे ते दूरचं भावंडंच. स्पर्म व्हेल तसा नाही. तो आणि डॉल्फिन यांच्या वाटा फार मागेच वेगळ्या झाल्या. म्हणून पिकोची गोष्ट मला जास्त भिडते.

दिवस चौथा : सुतार, मावशी आणि बारा व्रात्य

समुद्र निवळला. विजियावरून निरोप आला : कशालॉत, म्हणजे स्पर्म व्हेल, दक्षिणेला, चार-पाच.

बोट बंद करून त्या मुलीने पाण्यात मायक्रोफोन सोडला. आधी नुसती खरखर. मग टक्, टक्, टक्, टक्. अर्ध्या-पाऊण सेकंदाला एक, एका लयीत. लाकडी जहाजांच्या तळाशी झोपणाऱ्या खलाशांना हा आवाज हातोडीसारखा वाटे, म्हणून ते या व्हेलला सुतार म्हणत. मला शेजारच्या आळीतलं कुणीतरी दुपारच्या शांततेत खिळे ठोकतंय असं वाटलं. अंधारात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून ते माखले-म्हाकुळ शोधतात. मध्येच टकटक इतकी जलद झाली की दार करकरावं तसा आवाज आला आणि एकदम शांतता. "पकडलं," ती मुलगी हळूच म्हणाली.

पाऊण तासाने ते वर आले. एक, दोन, मग आणखी तीन. स्पर्म व्हेलचा फवारा सरळ वर जात नाही, पुढे आणि डावीकडे कलतो, कारण श्वासाचं भोक डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूला असतं. दूरवरूनही ओळखू येतो. डोकं म्हणजे शरीराचा एक तृतीयांश भाग. त्यामागची कातडी खारकेसारखी सुरकुतलेली. वाऱ्याने फवाऱ्याचा एक शिडकावा आमच्यापर्यंत आणला, त्याला सुकटीच्या टोपलीसारखा वास होता. मला तो घरचा वाटला.

पाचांमध्ये एक पिल्लू होतं, आमच्या बोटीपेक्षा लहान, एका मादीच्या बगलेत. त्या आडव्या पडून राहिल्या होत्या, ओंडके तरंगावेत तशा, दहा-पंधरा सेकंदांनी एकेक श्वास.

आणि मग पश्चिमेकडून बॉटलनोज आले. दहा-बारा. माझा जीव गळ्याशी आला. जे वाचून इतक्या लांब आले होते, ते दोघंही माझ्या समोर, एकाच पाण्यात.

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. डॉल्फिन थेट व्हेलच्या डोक्यावर चालून गेले. नाकापुढून आडवे जायचे, वळायचे, पुन्हा आडवे. एकाने पाण्याबाहेर उडी घेतली आणि मादीच्या पाठीला अगदी लागून धप्पकन पडला. व्हेल एकमेकींच्या जवळ सरकल्या, खांद्याला खांदा. एकीने कुशीवर वळून शेपटी पाण्यावर आपटली. दुसरीने अंग असं हलवलं की डोक्यापुढचं पाणी उसळलं. डॉल्फिन मागे हटले आणि लगेच परत आले. मोठ्या म्हशीभोवती पोरांनी दगड घेऊन फिरावं, तसं. माझ्या मनातली मैत्रीची गोष्ट त्या दहा मिनिटांत पाण्यात विरघळली.

"त्रास देतायत," ती मुलगी म्हणाली. इथे हे नेहमी दिसतं. बॉटलनोज व्हेलना भंडावतात, पायलट व्हेलसुद्धा स्पर्म व्हेलचा पिच्छा पुरवताना पाहिले गेले आहेत. का, ते नेमकं सांगता येत नाही. खेळ असेल, खोडी असेल, आपल्या जागेतून हुसकून लावणं असेल. मग मला २०११ च्या गोष्टीतलं खरं आश्चर्य कळलं. ज्या जातीची पोरं एरवी अशी छळतात, त्याच जातीच्या एकाला या माद्यांनी आपल्या पिल्लांजवळ फिरू दिलं होतं. म्हणजे व्हेलना डॉल्फिन आवडतात अशी ती गोष्ट नव्हतीच. त्यांनी त्या एकट्याला ओळखलं असणार, हा आणि ते यातला फरक त्यांना कळला असणार. हे माझं मत, त्यासाठी माझ्याकडे पुरावा नाही.

दंगा ओसरला. डॉल्फिन पूर्वेला निघाले, पण एक मागे राहिला. चांगला धडधाकट, कणा सरळ. तो पिल्लाच्या बाजूला, हातभर अंतरावर, त्याच्याच संथ गतीने पोहू लागला. पिल्लू अर्धं कुशीवर कललं आणि त्याचा पांढुरका ओठ दिसला. मादी जागची हलली नाही. किती वेळ? दोन मिनिटं असतील, तीन असतील. बोटीत कुणी बोललं नाही. मग डॉल्फिनने एक श्वास घेतला, त्या फवाऱ्याचा फुस्स आवाजही आम्हाला आला, आणि तो आपल्या कळपामागे निघून गेला.

माद्या एकामागून एक शेपटी वर करून खाली गेल्या. पाण्यावर तेल सांडल्यासारखे गुळगुळीत चार डाग उरायला हवे होते, पण तीनच उरले. एक मादी पिल्लाजवळ थांबली होती.

भाचीने माझ्या कोपराला धरून म्हटलं, "मावशी थांबली."

दिवस पाचवा : फोन

सकाळी आम्ही चढ चढून विजियापर्यंत गेलो. टेहळणीवाल्या काकांनी दुर्बिणीला डोळा लावू दिला. पाणी इतकं जवळ आलं की लाटेवरचा कागार्रू पंख न हलवता घसरतोय, तेही दिसलं. व्हेल नव्हते. त्यांच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांची रांग होती, तारखा आणि किती दिसले ते.

फेरीबोटीची वाट बघताना बहिणीला फोन लावला. तिकडे दुपार झाली होती. तिला सगळं सांगितलं, त्रास दिला तेही, तीन मिनिटांचं तेही. २०२३ साली गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, लोक त्याला ओलं ठेवत दोन दिवस धडपडले आणि तरी ते वाचलं नाही, ते तिला आठवलं. मग तिने विचारलं, "ताई, तो वाकड्या पाठीचा दिसला का गं?"

"नाही."

"जगत असेल का?"

"बॉटलनोज चाळीस वर्षंही जगतात. पण सांगता येत नाही."

ती थोडा वेळ गप्प होती. मी म्हटलं, तुला लिंबूटिंबू कुणी ठरवलं होतं ते मला आठवत नाही, तुला आठवतं का?

"मला आठवतं की," ती म्हणाली. "कुणीच नव्हतं ठरवलं. मी रोज येऊन कट्ट्यापाशी उभी राहायचे. पहिले काही दिवस तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता. मग एक दिवस चेंडू माझ्याकडे आला, मी तो टाकला, आणि तुम्ही खेळ पुढे चालू ठेवलात."

मादालेनाहून बोट सुटली तेव्हा डोंगराचा माथा ढगात होता. फायालच्या खाडीत शिरेपर्यंत आम्ही दोघी मागच्या कठड्याला उभ्या होतो.